उंदीर बरे आहेत

ताई शाळेत खेळ शिकवायची. शिट्टी नुसती गळ्यात असायची. मैदान गप्प करायला तिचा आवाजच पुरे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरने तो आवाज पार बसला, तरी सकाळचा धाकट्या बहिणीला फोन काही चुकायचा नाही.

"उंदीर कसे आहेत गं?"

धाकटी प्रयोगशाळेत काम करायची. एका रानवेलीच्या मुळांतून तिथे एक द्रव्य वेगळं काढलं होतं. काचेच्या बशीत त्याने कॅन्सरच्या पेशी मेल्या, म्हणून आता गाठी असलेल्या उंदरांना ते टोचून पाहत होते.

"बशीत काय, नुसत्या मिठानेही पेशी मरतात, ताई. माणसांपर्यंत यायला वर्षं जातात," धाकटीने बजावलं होतं.

"जाऊ देत की. मी कुठे पळून चाललेय?"

डॉक्टरांनी हात टेकले होते. ताईने सगळा जीव त्या उंदरांवर टांगला होता.

आणि गाठी खरंच आटू लागल्या. ते ऐकलं त्या दिवशी ताई पोटभर जेवली, वर भावोजींशी भांडलीसुद्धा. "भांडतेय म्हणजे सुधारतेय," भावोजी डोळे पुसत म्हणाले.

मग एका सकाळी पिंजऱ्यांत उंदीर आडवे पडलेले दिसले. गाठी लहान झाल्या होत्या, पण द्रव्याने यकृताची वाट लावली होती. निम्मा डोस दिलेलेही वाचले नाहीत. धाकटी तिथेच स्टुलावर बसली. तेवढ्यात फोन वाजला.

"उंदीर कसे आहेत?"

"बरे आहेत," तिच्या तोंडून निघून गेलं.

उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता दोन आठवडे उलटले. एका दुपारी भावोजी ताईला चाकांच्या खुर्चीवरून थेट प्रयोगशाळेत घेऊन आले.

"म्हटलं, आपल्या मंडळींना एकदा भेटून यावं," ताई हसत म्हणाली.

धुतलेले पिंजरे मांडणीवर पालथे घातले होते. ताईने एकेक पिंजरा नजरेखालून घातला.

"कधी?"

"दोन आठवडे झाले." धाकटी तिच्या गुडघ्यांशी बसली. "तू जेवायला लागली होतीस. माझ्याने सांगवेना गं."

"अगं वेडे, गेल्या आठवड्यात मी लेकाला येऊ नको म्हटलं. मावशीचं औषध लागू पडतंय, सुट्टी लागली की सावकाश ये म्हटलं."

लेक मालवाहू जहाजावर होता. मागच्या बंदरात उतरला असता. आता जहाज भर समुद्रात होतं.

ताईने त्याची वाट पाहिली. शेवटी शेवटी जिन्यात पाय वाजले की ती मान वळवायची. प्रत्येक वेळी धाकटीच असायची. ताई तिच्यावर एकदाही रागावली नाही. रागवायला अंगात ताकद होती कुठे?

लेक आला तेव्हा ताईला जाऊन काही दिवस झाले होते, खोलीतली उरलेली औषधंही दुकानात परत गेली होती. पाठीवरची बॅग न उतरवताच तो म्हणाला, "मावशी, ती तर म्हणाली होती, बरं चाललंय."

"मीच तिला तसं सांगितलं होतं."

त्याने बॅग उतरवून जमिनीवर ठेवली. मग कोरड्या आवाजात म्हणाला, "त्या वेलीचं पुढे काही होईल?"

"विषारी भाग तोडता आला तर. कदाचित."

"तोड मग," तो म्हणाला, आणि आईच्या खोलीत जाऊन त्याने दार लावून घेतलं.