पडद्यावरची तुंगा

पडद्यावर म्हैस आली तसा भरमाप्पा खुर्चीतून ताडकन उठून उभा राहिला.

"ओ पावणं, बसा की खाली! दिसंना झालंय!" मागून ओरडा झाला. शेजारी बसलेल्या रत्नव्वानं नवऱ्याचा अंगरखा धरून त्याला खाली ओढलं.

त्याचीच म्हैस होती ती. तुंगा. तीन वर्षांपूर्वी फ्रान्सचा एक साहेब चित्रीकरणाची यंत्रं घेऊन कोल्हापुरात उतरला, महिनाभर त्यानं गल्लीबोळ पालथे घातले आणि गावावरच चित्रपट काढून तिकडं मोठं बक्षीस मिळवून बसला. आता तो चित्रपट इथं लागला होता आणि सगळं गाव स्वतःचं तोंड बघायला लोटलं होतं.

साहेबाला गंगावेशीतला दुधाचा कट्टा फार आवडला. गिऱ्हाइकासमोर म्हैस उभी करून थेट पेल्यात धार काढायची, ही आपली रोजची रीत. त्याला तिचं कोण कौतुक! पण भरमाप्पाच्या तोंडावर देवीचे वण. साहेबानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि धार काढायला तालमीतल्या गोऱ्यागोमट्या गुंडूला बसवलं. गडी देखणा खरा, पण म्हशीला देखणेपणाचं काय? तुंगानं पान्हा चोरला. गुंडू आचळं ओढून ओढून घामाघूम झाला, तरी पेल्याचा तळ भिजेना. शेवटी भरमाप्पाला यंत्राशेजारी उभं केलं. त्यानं नुसती हाक घातली, "तुंगाव्वा, सोड की गं बाई." तिनं मान वळवली, त्याच्याकडं बघितलं, आणि पेला फेसानं भरून वाहिला.

आता पडद्यावर गुंडू मिशीत हसत होता, लोक शिट्ट्या मारत होते, आणि तुंगा मान वळवून थेट खुर्च्यांकडं बघत होती. किती वेळ बघत होती! तिला एकदा डोळे भरून पाहावं, मनातल्या मनात माफी मागावी, एवढ्याचसाठी भरमाप्पा आला होता. पण त्यानं मान खाली घातली, ती ते चित्र सरेपर्यंत वर केली नाही.

गेल्या साली तुंगा भाकड झाली. रत्नव्वा नको नको म्हणत असताना त्यानं तुंगाला वडगावच्या बाजारात नेलं आणि दलालाच्या हवाली केलं. भाकड म्हशीला बाजारात कोण घेतं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ती मागून रेकत राहिली. वळून बघितलं तर परत न्यावी लागेल, म्हणून त्यानं वळून बघितलंच नाही. तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

खेळ सुटल्यावर दारातच दत्तोपंत मास्तर भेटले. रोजचं दुधाचं गिऱ्हाईक. हातात वर्तमानपत्र होतं आणि भोवती दहा-बारा माणसं.

"भरमाप्पा, अरे ऐक, पॅरिसच्या वर्तमानपत्रानं काय लिहिलंय! म्हणे, त्या म्हशीच्या डोळ्यांत एका प्राचीन देशाचं सगळं दुःख उतरलं आहे. तुझ्या म्हशीच्या रे!"

"दुक्क कसलं, मास्तर," भरमाप्पा मोठ्यानं म्हणाला. "माज्या हातातली पेंड दिसली हुती तिला!"

सगळे खो खो हसले. मास्तरांनी तर त्याच्या पाठीवर थाप मारली.

घराकडं जाताना गल्लीच्या तोंडाशी आल्यावर रत्नव्वा म्हणाली,

"पेंड कुठली वो? माज्या म्होरंच झालं की सगळं. हात मोकळंच हुतं तुमचं."

भरमाप्पा थांबला.

"मग काय सांगू त्यास्नी? मला बघत हुती म्हणू? आन् त्येनी इचारलं, आता कुठं हाय ती, तर?"