दोन बरण्या

"उत्तर जिभेवर आलं तरी गिळ, देयानिरा. पोरांचं पोरांना सापडू दे."

ज्यांच्या हाताखाली त्या शिकवायला शिकल्या त्या सिस्टर रोसाल्बाला जाऊन वर्षं लोटली, तरी फळ्यापुढे उभं राहिलं की देयानिराबाईंच्या कानात तोच आवाज यायचा. रोज पहाटे जपमाळ ओढून झाली की त्या देवाकडे तेवढंच मागत, आज मला गप्प राहता येऊ दे.

या खेपेचा प्रश्न पोरांनीच आणला होता. नदीतले मासे उलटे होऊन का तरंगतात? बाईंनी सांगितलं नाही. मग पोरांनी नदीतून सोनं उपसणाऱ्या यंत्राच्या वरच्या अंगाचं पाणी एका बरणीत आणलं, खालच्या अंगाचं दुसरीत. दोन्हींत एकाच ओढ्यातले मासे सोडले आणि बरण्या एकाच खिडकीत ठेवल्या. वरच्या पाण्यातले मासे अजून फिरत होते. खालच्या पाण्यातले सकाळपर्यंत मेले.

"पाण्यात काय आहे, ते मी किब्दो शहरात नेऊन तपासून आणते," बाईंनी वर्गाला शब्द दिला होता. खालच्या पाण्याची एक बाटली भरून वर्गातल्या लुसेलीने घरी जपून ठेवली होती.

यंत्राची राखण करणारा गाविलान दोन माणसं घेऊन भरवर्गात शिरला. तिघांच्याही खांद्याला बंदुका. त्या यंत्राविरुद्ध तक्रार करणारा मासेमार एव्हेलियोचं प्रेत हात मागे बांधलेल्या स्थितीत काठाला लागलं, त्याला फार दिवस झाले नव्हते.

"काय बाई, मासे पाळलेत? तळायचे की काय?"

कुणी हसलं नाही.

"पोरांनो, ऐका. मासे उन्हाने मरतात. मिळालं उत्तर? संपला अभ्यास."

लुसेलीचा हात वर गेला. कुणी काही ठामपणे सांगितलं की हात वर करून विचारायचं, ही सवय बाईंनीच लावलेली.

"कशावरून, काका? दोन्ही बरण्या एकाच खिडकीत होत्या. ऊन सारखंच. मग हे वरच्या पाण्यातले का नाही मेले?"

गाविलानने बंदुकीच्या दस्त्याने दोन्ही बरण्या फोडल्या. जमिनीवर तडफडणारे मासे त्याने बुटाखाली एकेक करून चिरडले. मग लुसेलीला वेणीला धरून बाकावरून ओढलं आणि तोंडावर इतक्या जोरात मारलं की तिचा पुढचा दात तुटून काचांत पडला. पुन्हा हात उगारला तेव्हा मध्ये बाई होत्या.

"हिला हे कुणी शिकवलं?"

"मी."

"कुठल्या हाताने?"

बाईंच्या उजव्या बोटांना खडू लागला होता. त्याच्या माणसांनी तो हात टेबलावर दाबून धरला. दस्ता खाली आला, पुन्हा आला. हाड मोडल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला आणि मुलं किंचाळू लागली.

"उद्या शाळा भरताना येतो. या सगळ्यांसमोर तू म्हणायचं, मासे उन्हाने मेले. आणि ही चुरूचुरू बोलणारी माझ्याबरोबर येईल. यंत्रावर, स्वयंपाकाला."

यंत्रावर स्वयंपाकाला नेलेली यादीरा परत आली नव्हती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी लुसेलीच्या आजीने, फर्मिनाने, बाईंच्या हाताला फळ्या बांधल्या. बांधताना मुद्दाम आवळल्या.

"बाई, गप्प बसायला का नाही शिकवलंत हो तिला? घरात राहिली असती माझी पोर."

"किब्दोला माझी बहीण आहे," बाई म्हणाल्या. "लुसेलीला तिच्या दारात पोचवते. शब्द देते."

"आणि तुम्ही?"

"ते पाणीही द्यायचंय तपासायला."

फर्मिनाने फळीची गाठ सैल केली, मग कच्च्या केळ्यांचे घड मोजत न बसता सगळेच होडीकडे पाठवले.

उजाडताना नदीवर धुकं होतं. केळ्यांच्या घडांखाली लुसेली अंग चोरून पडली होती, पोटाशी बाटली. बाईंच्या ओठांवर जप होता. रोज त्यात वैऱ्यासाठी क्षमा मागायची ओळ यायची, आज ती आली नाही. त्यांनी ती आणलीही नाही.

"बाई," घडांखालून तुटक्या दातातून फुसफुस आली, "पाण्यात काय असेल हो?"

पारा. सोनं धुताना ओततात तो. बाईंच्या जिभेवर आलं होतं.

"बघू," त्या म्हणाल्या. डाव्या हाताने वल्हं काठाला टेकवून त्यांनी होडी हळूच प्रवाहात लोटली.