भिंग गर्दीकडे

महायुद्धात गाव जर्मनांच्या ताब्यात होतं, त्यावरच्या सिनेमासाठी चित्रपटवाले गावातलीच माणसं शोधू लागले, तेव्हा प्रत्येकाला जर्मनांशी लढणाऱ्या भूमिगताचीच भूमिका हवी होती.

"आमच्या गावात सगळेच लढले," महापौर बार्बोतां म्हणाले.

"मग जर्मनांना पाव कोण विकत होतं?" दिग्दर्शिका मिरेयनं विचारलं.

"शिळा विकत होतो, मादाम!"

गावातल्याच सोलांजला मात्र धास्ती होती. तीस वर्षांपूर्वी जर्मन हटले त्या दिवशी, त्यांच्यातल्या एकावर जीव लावला म्हणून, गावकऱ्यांनी तिच्या आईचं डोकं याच चौकात भादरलं होतं. आज तेच दृश्य होतं. लोक आईला पुन्हा हसणार होते.

नटी खुर्चीत बसली, कात्री आली. तेवढ्यात मिरेयनं कॅमेरा फिरवला. नटीकडे त्याची पाठ, भिंग थेट गर्दीवर. "हं, हसा आता."

कुणालाच हसू येईना. महापौरांनी टोपी डोळ्यांवर ओढली. "अहो, आमचे चेहरे कशाला?"

"सिनेमा गावाचाच आहे ना?"

शॉट संपल्यावर सोलांजनं मिरेयचे दोन्ही हात धरले. "त्या दिवशी कुणी तिच्यावर साधी शाल टाकली नव्हती गं पोरी. तू टाकलीस," ती म्हणाली आणि सगळ्या युनिटला जेवायला घरी घेऊन गेली.