डाव्या तोंडाचा शंख

चित्रातल्या जलपरीने शंख टोक वर करून छातीशी धरला आहे आणि त्याचं तोंड डावीकडे उघडतं. खऱ्या शंखाचं टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं, तर ते उजव्या बाजूला येतं. या जातीचे किती शंख माझ्या हातांखालून गेले याची मोजदाद नाही, पण डावीकडे उघडणारा एकही नव्हता. तसा शंख निसर्गात जवळजवळ सापडत नाही. आरशात मात्र केव्हाही सापडतो.

हे चित्र पत्त्याच्या पानाएवढं आहे. ते व्हिडिओ गेमच्या एका नकली कॅसेटवर चिकटवलेलं आहे. कॅसेटमधल्या खेळात ना समुद्र आहे, ना जलपरी. तिथे रणगाडे आहेत, आणि तो खेळही दुसऱ्याचा चोरलेला आहे. त्या काळी आमच्या सानचोंग शहरात हा धंदा असाच चाले. खेळ एकाचा, नाव दुसऱ्याचं, चित्र तिसऱ्याचं. चित्राचं काम माझ्या वडिलांकडे असे.

वडिलांचं नाव यू चिन-थू. छापखान्याच्या मागच्या खोलीत बसून ते लेबलं जुळवत. अमेरिकी सिनेमाच्या पोस्टरवरून धड घ्यायचं, जपानी मासिकावरून डोकं, कॅलेंडरवरून डोंगर. सगळ्याचे फोटो काढायचे, कापायचे, जोडायचे आणि जोड दिसू नये म्हणून वरून रंगाचा फवारा मारायचा. छापखान्यात एक नियम होता. कुठलंही चित्र घेतलं की फिल्म उलटी ठेवून छापायची. उलटं केलं की आपलं, असं मालक म्हणत. उलटं केल्यावर मनगटावरची घड्याळं, शर्टाची बटणं, तलवार कुठल्या हातात आहे, हे तपासायचं आणि मूळ चित्रकाराची सही असेल तर पात्याने खरवडून काढायची. वडील त्यात तरबेज होते. आई त्यांना ‘कात्री’ म्हणायची. जेवण झालं की मला सांगायची, जा, कात्रीला बोलाव. हे ती गल्लीतल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची.

ती लेबलं आता कला झाली आहेत. कशी झाली ते मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

पहिल्यांदा आले मूळशोधक. ज्या कॅसेट लहानपणी शेजाऱ्याकडून मागून आणल्या आणि परत केल्या नाहीत, त्या कॅसेटवरचं कुठलं नाक कुठल्या पोस्टरवरून आलं हे शोधणं, हा या लोकांचा छंद. त्यांचा म्होरक्या चो मिंग-युआन दातांचा डॉक्टर आहे. तो नक्कल आणि मूळ शेजारी शेजारी लावून दोन्हींवर लाल वर्तुळं काढतो, आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. वडिलांची बहुतेक लेबलं त्याने अशी उलगडली. जलपरी तेवढी राहिली. तिच्यासाठी त्यांनी सिनेमाची पोस्टरं, परदेशी कादंबऱ्यांची मुखपृष्ठं, जपानी मासिकांचे गठ्ठे असं सगळं धुंडाळलं. काही मिळालं नाही तेव्हा चोने जाहीर केलं की मूळ सापडत नाही, म्हणजे हेच मूळ. यू चिन-थू यांची एकमेव स्वतंत्र कलाकृती. क्ष-किरणात कीड दिसली नाही म्हणून दात निरोगी आहे असं तो रुग्णांनाही सांगत असेल, तर सानचोंगकरांची मला काळजी वाटते.

मग आला चान पो-हान. हा प्रदर्शनं भरवतो. जुनी गोदामं साफ करून त्यांच्या भिंती मुद्दाम मळक्या ठेवायच्या आणि आत दिवे लावायचे, हे त्याचं कसब. तो वडिलांना पहिल्या भेटीपासून ‘मास्तर’ म्हणायला लागला. छापखान्यात वडिलांना कुणी मास्तर म्हटलं नव्हतं, अरे आ-थू म्हणत. पहिल्या भेटीत वडील त्याला सरळ म्हणाले की आम्ही कापून चिकटवायचो, त्यात काय बघायचंय. चानने मान हलवली आणि वहीत ‘विनय’ असा शब्द लिहिला. तो मी उलट्या बाजूने वाचला. दुसऱ्या भेटीला वडिलांनी धुतलेला शर्ट घातला होता. तिसऱ्या भेटीला त्यांच्या डोक्यावर एक चपटी टोपी होती. ती त्यांनी कुठून आणली ते मी विचारलं नाही. चित्रकार अशी टोपी घालतात हेही त्यांनी कुठल्या तरी पोस्टरवरूनच उचललं असणार.

त्याच भेटीत त्यांनी शंखाची गोष्ट सांगितली. तिच्यातली आ-छिन म्हणजे मी. पेंगहू बेटांवरच्या मामांनी आमच्या आ-छिनला एक मोठा शंख आणून दिला होता. पाच वर्षांची होती, तो कानाला लावून बसायची. तिला बघून मला जलपरी सुचली. तो शंख समोर ठेवून मी हे चित्र काढलं. एवढं एकच चित्र माझं स्वतःचं.

ही गोष्ट त्यांनी चानसाठी रचलेली नव्हती. मला ते ती लहानपणापासून सांगत आले होते. ती ऐकतच मी मोठी झाले, आणि शंखांचा अभ्यास करायला गेले त्यातही तिचा थोडा हात असेल. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत शंख कुठे वळतात आणि कुठे उघडतात ते शिकवलं. त्या आठवड्यात मी घरी आले, कॅसेट हातात घेतली, पाहिली आणि जागेवर ठेवली. माझा शंख उजवीकडे उघडतो. समोर ठेवून काढलेलं चित्र उलटं होत नाही. उलटं होतं ते फिल्मवरून घेतलेलं.

तेव्हा मी बोलले नाही. त्या घरात वडिलांचं म्हणून जे होतं त्यात एक खुर्ची, एक पातं आणि ही गोष्ट, एवढंच होतं. आईला कळलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीत पोचलं असतं.

आता आई नाही. पण आता चान होता. त्याला तो शंख काचेच्या पेटीत, चित्राशेजारी हवा होता, आणि पुस्तिकेसाठी माझ्याकडून टिपण हवं होतं. वडील चित्रकार, मुलगी शास्त्रज्ञ, मध्ये शंख, ताई, याहून सुंदर काय, असं तो म्हणाला. चारच ओळी, पण भावपूर्ण. टिपण लिहिलं तर खोट्यावर माझी सही होणार होती. खरं सांगितलं तर वडिलांना आयुष्यात मिळालेला एकमेव मान त्यांच्या डोळ्यांदेखत काढून घेतला जाणार होता, आणि तोही त्यांच्या मुलीकडून. मी चानला पुढच्या आठवड्याचा वायदा दिला. मग त्याच्या पुढच्या. त्याचे निरोप येत राहिले आणि प्रत्येक निरोपात एक हसरा चेहरा जास्त असे.

शंख आणायला मी वडिलांकडे गेले. तो बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात होता. डब्याला झाकण नव्हतं. झाकण कुठे आहे हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. वडील त्यावर रंग कालवत. पोस्टर कलरचे इतके थर त्यावर बसले होते की ते पत्र्याचं आहे हे उचलल्यावरच कळे. ते त्या दिवशी मी का उचललं हे सांगता येणार नाही. वडील झोपले होते. मी मोरीत झाकणावर कोमट पाणी सोडलं. पोस्टर कलर पाण्याने सुटतो, पत्र्यावरची छपाई सुटत नाही.

आधी निळा गेला, मग तपकिरी. मग शेपटी दिसली. मग केस, मग हात. जलपरी उलट्या बाजूला बघत होती आणि तिच्या हातातला शंख उजवीकडे उघडत होता. खाली लिहिलं होतं, पेंगहूची कोळंबी बिस्किटं.

शोधकांनी अमेरिका आणि जपान पालथं घातलं होतं. सानचोंगमधल्या निम्म्या स्वयंपाकघरांत हा डबा तेव्हा असेल. चोच्या आईकडे तर नक्की असेल, सुया-दोरे ठेवायला. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं आपण म्हणतो, पण वळसा घालणाऱ्यांना तज्ज्ञ म्हणायची पद्धत नवी आहे.

झाकण मी कागदात गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. निर्णय मात्र घेतला नव्हता.

प्रदर्शनाच्या दिवशी जलपरी दाराएवढी झाली होती. तिच्याखाली पाटी होती: यू चिन-थू, स्वतंत्र कलाकृती. शेजारी काचेच्या पेटीत माझा शंख. चानने तो हौसेने चित्रातल्यासारखाच ठेवला होता, टोक वर आणि तोंड समोर. चित्रातलं तोंड डावीकडे, पेटीतलं उजवीकडे. दोन्हींमध्ये हातभर अंतर.

मी पेटीजवळ उभी राहिले. लोक आले आणि त्यांनी फोटो काढले. दोन्ही एका चौकटीत यावेत म्हणून काही जण मागे सरकले. एका कला महाविद्यालयाच्या प्राध्यापिका म्हणाल्या की शंखाचं निरीक्षण किती अचूक आहे, मास्तरांची नजर शास्त्रज्ञाची आहे. चो लेझरचा लाल ठिपका घेऊन आला आणि शंखावरचे पट्टे चित्रातल्या पट्ट्यांशी कसे जुळतात ते त्याने मंडळींना समजावलं. लाल ठिपका डावीकडच्या तोंडावरून उजवीकडच्या तोंडावर गेला आणि परत आला. त्याला काही खटकलं नाही. लोक अननसाची बिस्किटं खात पुढे गेले.

मग वडिलांना माइक दिला. त्यांनी गोष्ट सांगितली. या वेळी त्यात पाऊसही होता आणि मी शंख कानाला लावून झोपी गेले होते. टाळ्या झाल्या. चानने डोळे पुसले. डोळ्यांत काही होतं की नाही ते मला दिसलं नाही.

बोलून झाल्यावर वडील थकले आणि पेटीसमोरच्या खुर्चीवर येऊन बसले. बराच वेळ त्यांनी टोपी सारखी केली, गुडघे चोळले. मग त्यांची नजर पेटीकडे गेली, तिथून चित्राकडे आणि पुन्हा पेटीकडे. त्यांनी मांडीवरचा उजवा हात उचलला आणि पालथा केला, फिल्म उलटी करताना करायचे तसा.

“हे उलटं आहे,” ते हळूच म्हणाले.

“हो, बाबा.”

“तुला माहीत होतं?”

“कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून.”

“म्हणजे आई होती तेव्हापासून. तिला बोलली नाहीस.”

“नाही.”

“तिनं मला गल्लीभर नाचवलं असतं.” त्यांच्या खांद्यांवरून कळलं की ते हसत आहेत. मग ते वैतागले. “घड्याळ बघायचो, बटणं बघायचो, सही खरवडायचो. शंखालाही डावं-उजवं असतं हे कुणाच्या बापाला ठाऊक?”

“माझ्या बापाला ठाऊक असायला हवं होतं. समोर ठेवून काढला ना.”

मी पिशवीतून झाकण काढलं आणि कागदाची एक घडी उघडली. त्यांनी शेपटी पाहिली आणि लगेच ओळखली.

“घासलंस?”

“कोमट पाण्यानं.”

“त्यावर माझा चांगला निळा होता,” ते म्हणाले.

समोरून चान येत होता. त्याच्यामागे चो होता, ठिपका अजून चालूच. चानने लांबूनच हात जोडले. पुस्तिका आज छपाईला जातेय, ताई, छापणारे खोळंबलेत, आता तोंडी सांगितलंत तरी मी उतरवून घेतो, फार नको, चारच ओळी, असं म्हणत त्याने खिशातून वही काढली.

मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी भिंतीवरची ती दाराएवढी जलपरी खालपासून वरपर्यंत पाहिली, आणि खाली आपलं नाव. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीखाली केस घामाने चिकटले होते.

“चार ओळी मागतोय तर देऊन टाक त्याला,” ते म्हणाले.

चानने पेन उघडलं. मी झाकणावरचा कागद पूर्ण काढला आणि झाकण पेटीच्या काचेवर ठेवलं, शंखाच्या बरोबर वर.

“लिहून घ्या,” मी म्हणाले. “हा शंख त्या चित्रातला नाही. चित्र माझ्या वडिलांनी या झाकणावरून उलटं करून घेतलं आहे. पाटीवरचं त्यांचं नाव काढा. झाकणावरची जलपरी कुणी काढली ते मला माहीत नाही. तेवढी जागा रिकामी ठेवा.”