तिरपं कमळ

यज्ञेश दार ढकलून आत आला तेव्हा सीताबाई शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना गोधडीवरचं कमळ सोपं कसं करायचं ते दाखवत होत्या. आठ पाकळ्यांऐवजी चार, गोल कडांऐवजी सरळ, म्हणजे लहान बोटांना कापड आवरतं.

नमुना समोरच बांबूवर टांगला होता. सीताबाईंच्या पणजीसासूची गोधडी. तिच्यातला एक चौकोन दुसऱ्यासारखा नव्हता. कुठे मासा, कुठे साखळी, कुठे कमळ, आणि सगळी नक्षी तिरपी. तिरपी का, असं मुली विचारत. पणजीला हौस फार, एवढंच सीताबाईंना सासूने सांगितलं होतं. त्याही तेच सांगत. मुलींसाठी मात्र त्यांनी नऊच चौकोन निवडले होते आणि प्रत्येक नक्षी सरळ करून घेतली होती.

हिंदी मुलखातल्या नदीकाठच्या राजा घाटामागे, माडीवरच्या त्या खोलीत लतिकाही होती, सुयांत दोरा ओवत. डाव्या हाताला प्लास्टर होतं. नवऱ्याने, यज्ञेशनेच, तो हात पिरगळून मोडल्यापासून ती आपल्या मुलीला, मुक्ताला घेऊन सीताबाईंकडेच राहत होती.

"चल घरी," यज्ञेश म्हणाला.

लतिका उठली नाही. त्याने तिची वेणी मुठीत धरून मान मागे खेचली. तिने धडपडत गोधडी धरली आणि बांबूसकट सगळं खाली आलं.

"मावशी, तुम्ही बीचमध्ये पडू नका. घरचा मामला आहे."

"पोरी बसल्यात इथे, यज्ञेश. सोड तिला."

त्याने सोडलं, पण मुलींची मोठी कात्री उचलली. या चिंध्यांसाठी घर सोडलंस का, असं विचारत त्याने ती गोधडीत खुपसली आणि टरकावत खाली आणली. पुन्हा खुपसली. सीताबाईंनी पातंच धरलं. त्याने हिसका दिला तसा त्यांचा उजवा तळहात चिरला. मग धक्का बसला आणि डोकं कपाटावर आपटलं. मुली किंचाळल्या. गल्लीतून कोणीतरी "का हुआ, माताजी?" म्हणून ओरडलं, तेव्हा यज्ञेशने कात्री टाकली.

"खाली उभा आहे मी," तो लतिकेला म्हणाला. "सामान घेऊन ये. नाही आलीस तर मी वर येतो."

तो जिना उतरला. सीताबाईंनी आधी दाराला कडी घातली, मग तळहाताला पदर गुंडाळला. लतिका एका हाताने पिशवीत कपडे कोंबत होती.

"जाते मी, मावशी. नाहीतर तो तुम्हाला जिवे मारील."

मुक्ता फाटलेल्या गोधडीपाशी बसली होती. कमळाच्या पाकळ्या उसवून लोंबत होत्या. तिने त्या उचलून पाहिल्या.

"आजी, हे आजचं नाहीये. हे पहले से फाटलंय."

सीताबाई वाकल्या. कमळाखाली, आतल्या लुगड्यावर एक लांब तिरपी चीर होती. कडा स्वच्छ कापलेल्या, जुन्या दोऱ्याने घट्ट शिवलेल्या. भोवती वाळलेल्या रक्तासारखे तपकिरी डाग. कमळ त्या चिरेवर नेमकं बसत होतं. त्यांनी माशाखाली बोट घातलं. तिथेही चीर, तशीच तिरपी. साखळीखाली दोन.

मग लतिकेला जवळ बोलावून त्यांनी तिचं बोट धरलं आणि त्या शिवणीवरून फिरवलं.

"हिला हौस होती म्हणे," त्या म्हणाल्या.

खालून हाक आली. मग शिवी आली. जिन्यावर पावलं वाजली आणि दारावर लाथ बसली. भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

लतिकेने पिशवी खाली ठेवली.

"मावशी, फोन द्या. पोलिसांशी मीच बोलते."

ती बोलली. नाव, पत्ता, मोडलेला हात, बाहेर उभा असलेला माणूस. काहीच गाळलं नाही. दारावर लाथा बसतच होत्या. सीताबाईंनी मुलींना दारापासून दूर, खिडकीकडच्या भिंतीशी घेतलं आणि नेहमीच्या आवाजात सुया हातात घ्यायला सांगितलं.

मुक्ताने आपलं चार पाकळ्यांचं कमळ चौकोनावर ठेवलं, मग थोडं वळवलं.

"आजी, तिरपं लावू?"

"सरळ लाव, बाळ," सीताबाई म्हणाल्या. "तुझं कापड कुठे फाटलंय?"

कापडाला रक्त लागू नये म्हणून उजवा हात पाठीमागे धरून, डाव्या हाताने त्यांनी तिच्यासाठी कड ताणून धरली.