ह्योनांच्या घरची काळी काडी

मी काळी काडी बोलतेय. बोटाएवढी, बांबूची. राजधानी हानयांगमधल्या ह्योन सोक-जूंनी मला तासलं आणि काजळीत रंगवलं. ते दरबारचे गणिती. आकडे काड्यांनी मांडायचे. लाल काडी म्हणजे अधिक, काळी म्हणजे उणे. उणं कुणाला हवंय? लाल काड्या रोज चटईवर मिरवायच्या आणि मी पिशवीच्या तळाशी घुसमटायचे. गाठ सुटली की आशा वाटायची, पण हात लाल काडीच घेऊन जायचा.

त्या घरात आणखी एक कोंडलेली होती. ओक-दान, ह्योनांची विधवा सून. मुलगा गेल्यापासून म्हाताऱ्याने तिला गणित हौसेनं शिकवलं, पण उंबरा काही ओलांडू दिला नाही.

शरदात निरोप आला. गांगह्वा बेटावर तिच्या आईनं अंथरूण धरलं होतं.

"मामंजी, आईला बघून येते."

"जा की! आधी तीन वेगवेगळे आकडे मांड. बेरीज आणि गुणाकार सारखा यायला हवा."

"एक, दोन, तीन. दोन्ही सहा."

"हे शेंबडं पोरही सांगेल! एक न वापरता मांड." ते दाढीत हसले.

असे आकडे त्यांना जन्मात सापडले नव्हते. दोन, तीन, चार घ्या. बेरीज नऊ, गुणाकार चोवीस. मला त्यांचा भयंकर राग आला. तोंडानं नाही म्हणवेना, म्हणून दाराला गणिताची कडी घातली!

ओक-दान काड्या मांडायची, मोडायची. भात दोनदा करपला. एका सकाळी वैतागून तिनं पिशवीच उपडी केली आणि मी बाहेर पडले. ती थबकली. मग दोन लाल काड्या मांडल्या, शेजारी जागा सोडली, पलीकडे दोन काळ्या. त्यातली एक मी!

"अधिक दोन, उणे दोन," सासरे म्हणाले. "आणि मधे?"

"काही नाही. लिहिताना तिथे तुम्ही गोल काढता ना? बेरीज शून्य, गुणाकारही शून्य."

"गोल म्हणजे काही आकडा..." ते बोलता बोलता थांबले. मग उठून त्यांनी दार उघडलं. "थंडी आहे. कापसाचा अंगरखा घाल. परत येशील ना गं?"

"आधी आईला बघू तर द्या, मामंजी."

ती गेली. आता बर्फ पडतंय. त्यांनी मांडणी मोडलेली नाही. चटईपाशीच बसून ते एकटे जेवतात, आणि बेटावरून नदीने येणाऱ्या प्रत्येकाला तिची खबर विचारतात. माझा राग कधीच विरला. गांगह्वाला कुणी जाणार असाल, तर ओक-दानला एवढंच सांगा: तू ये किंवा येऊ नकोस, पण म्हाताऱ्याला एक निरोप धाड. तो जेवताना तोंडातला घास तसाच ठेवून दाराकडे बघत बसतो.