मी खोडलेल्या चार ओळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. माझा पहिला इंच झिजून गेला आहे, त्यामुळे मोजायला मला कोणी घेत नाही. तसं माझं आयुष्य मोजण्यात गेलंच नाही, ते गेलं वाचण्यात.

सुताराच्या कारखान्यात मी घडले, दुकानात धूळ खात पडले आणि मग ताईंच्या टेबलावर आले. ताई विद्यापीठातल्या प्रबंधांची भाषा तपासत. समाजशास्त्राची मुलं जाडजूड खर्डे घेऊन तिसरा मजला चढत, धापा टाकत आत येत. ताई मला एकेका ओळीखाली ठेवत आणि लाल पेन उघडत.

"'सदर घटकांच्या अनुषंगाने गळतीचे प्रमाण निदर्शनास येते.' म्हणजे काय रे?"

"म्हणजे... पाणी लांबून आणावं लागतं म्हणून मुली शाळा सोडतात."

"मग असं लिही ना! कोणी अडवलंय तुला?"

मुलं हसत आणि वाक्य सरळ होई. मला तर शिंगंच फुटली होती. माझ्याशिवाय या विद्यापीठात एक वाक्य धड उभं राहणार नाही, असं मला वाटे. ताईंची एक शिस्त होती. पान नव्यानं लिहून झालं की जुनं फाडायचं. चूक डोळ्यांसमोर राहिली की पुन्हा हातून होते, असं त्या म्हणत.

एकदा एक संशोधक इस्पितळाच्या धुलाईघरावरचं प्रकरण घेऊन आला. तिथल्या एका मावशींचं बोलणं त्यानं उभ्याउभ्या लिहून घेतलं होतं, आणि तेच पान प्रकरणाला जोडलं होतं. चार ओळींत मावशी तीनदा तेच म्हणाल्या होत्या. ताईंनी मला त्या ओळींवर आडवं ठेवलं आणि माझ्या कडेनं लाल रेघा ओढल्या. त्या जागी लिहिलं, 'कामगारांमध्ये त्वचाविकार आढळले.'

तो चाचरला. "ताई, मावशींना मी शब्द दिलाय. तुमचं बोलणं जसंच्या तसं येईल म्हणून."

"अरे, किती ती पुनरुक्ती! परीक्षक नाक मुरडतील."

त्यानं ते पान नव्यानं लिहिलं. जुनं फाडलं गेलं. मी त्या दिवशी सरळ रेघ दिली याचाच मला आनंद झाला होता, हे सांगताना आज लाज वाटते.

प्रबंधाचं कौतुक झालं. एका दुपारी तो मावशींनाच ताईंकडे घेऊन आला. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी हात पुसून प्रबंध मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "माझं वाच की."

त्यानं ते वाक्य वाचलं. मावशी पुढचं ऐकायला थांबल्या.

"आणि माझं?"

"हेच ते, मावशी."

"हे माझं नाही बाबा. मी असं कुठं बोलते?"

त्यांनी प्रबंध हळूच टेबलावर ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी ताई वही आणि मला पिशवीत टाकून धुलाईघरात गेल्या. "मावशी, पुन्हा सांगाल? एक अक्षर बदलणार नाही."

मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या. "तेव्हा बोलले, ताई. मन घट्ट करून बोलले. तेच तेच कोण उगाळणार?"

ताई कोरी वही घेऊन परत आल्या. पुढं कोणाचं बोलणं पानावर आलं की त्या मला बाजूला सारत. हळूहळू मी खणात गेले.

मित्रांनो, भाषा जरूर स्वच्छ करा. पण रेघ ओढण्यापूर्वी ते बोलणं कोणाचं आहे, एवढं विचारा. त्या चार ओळी मला अजून पाठ आहेत. ताई वही उघडून बसल्या होत्या तेव्हा मी पिशवीतच होते, पण मला तोंड नव्हतं. आज तुम्हाला सांगते, जसंच्या तसं.

"हात बघा माझे. नातू जवळ येतो, मी उचलत नाही. हात बघा. त्याला टोचतात, तो रडतो, म्हणून मी लांबूनच हसते. बघा ना हात."